रिॲक्ट, व्ह्यू की स्वेल्ट: नव्या प्रकल्पासाठी काय घ्यावं?

वेब पानाचा स्क्रीनवर दिसणारा भाग बांधायच्या या तिन्ही जावास्क्रिप्ट लायब्ररी मुक्त स्रोत, तिन्हींचा परवाना एमआयटी, आणि एखादं नेहमीचं वेब ॲप तिन्हींत सारखंच उभं राहतं. म्हणून वैशिष्ट्यांचे तक्ते समोर ठेवून निवड करायला गेलं की डोकं फक्त गरगरतं. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: डेटा बदलला, हे स्क्रीनला कळतं कसं?

ऑर्डरचा फॉर्म घेऊ. नग बदलले की एकूण रक्कम बदलायला हवी, एवढंच काम.

रिॲक्टमध्ये कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचा एक सुटा तुकडा, हे एक फंक्शन. नगांची स्टेट (कंपोनंटने लक्षात ठेवलेली किंमत) बदलली की ते फंक्शन पहिल्या ओळीपासून पुन्हा चालतं, रक्कम साध्या गुणाकाराने नव्याने निघते आणि नवं व्हर्च्युअल डॉम (पानाच्या रचनेची मेमरीतली प्रत) जुन्याशी ताडून बदललेला भाग तेवढा खऱ्या डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेत, लिहिला जातो. कल्पना देखणी आहे, पण तिची किंमत रोजच्या कोडमध्ये मोजावी लागते. वरचं फंक्शन चाललं की पोटातले कंपोनंटही चालतात. ते थांबवायला मेमो आला, आणि त्याच्या जोडीला आधीची किंमत किंवा फंक्शन जपून ठेवणारे यूजमेमो आणि यूजकॉलबॅक. त्यातही नवखा माणूस रक्कम काढण्यासाठी हमखास यूजइफेक्ट (स्क्रीन रंगवून झाल्यावर चालणारं काम, म्हणजे इफेक्ट) वापरतो, तो कशाकशावर अवलंबून आहे त्या डिपेन्डन्सीच्या यादीत एखादं नाव राहून जातं आणि स्क्रीनवर शिळी रक्कम दिसत राहते. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की इफेक्ट कुठे लागतच नाही हे समजावणारं एक अख्खं पान रिॲक्टच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. २०२५ मध्ये रिॲक्ट कंपायलरची १.० आवृत्ती आली. मेमोचं बरंचसं काम तो परस्पर करतो. इफेक्ट मात्र तुमचे तुम्हालाच समजून घ्यावे लागतात.

व्ह्यूमध्ये हिशेब उलटा. सेटअपचा कोड प्रत्येक कंपोनंटसाठी एकदाच चालतो. नग रेफमध्ये (व्ह्यू ज्यावर नजर ठेवतो ती किंमत) ठेवायचे, रक्कम कम्प्युटेडमध्ये (त्यावरून आपोआप निघणारी किंमत). कोण कोणावर अवलंबून आहे याची नोंद व्ह्यू स्वतः ठेवतो, तुम्ही यादी द्यायची नाही. वर एचटीएमएलसारखं टेम्प्लेट, त्यात अटीसाठी व्ही-इफ आणि यादीसाठी व्ही-फॉर. एचटीएमएल-सीएसएस पक्कं असलेल्या माणसाला हे लवकर वाचता येतं. खटकणाऱ्या गोष्टी दोन: स्क्रिप्टमध्ये रेफपुढे व्हॅल्यू लिहावं लागतं, टेम्प्लेटमध्ये नाही, आणि रिॲक्टिव्ह (व्ह्यूची नजर असलेला) ऑब्जेक्ट डीस्ट्रक्चर केला, म्हणजे त्यातल्या किमती वेगळ्या नावांत काढून घेतल्या, की सुट्या झालेल्या साध्या किमतींचा धागा तुटतो, तोही कुठलाही एरर न देता.

स्वेल्ट मुळात कंपायलर आहे. बिल्डच्या वेळीच तुमच्या कंपोनंटचं रूपांतर थेट डॉम बदलणाऱ्या कोडमध्ये होतं, व्हर्च्युअल डॉम नाहीच. स्टेट आणि डिराइव्ह्ड या दोन रून्समध्ये (कंपायलरला दिलेल्या खुणा) आपला फॉर्म संपतो. तिघांत सगळ्यात कमी टंकावं लागतं ते इथेच. छोट्या विजेटसाठी ब्राउझरकडे जाणारं ओझंही कमी. मात्र रून्स ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचव्या आवृत्तीत आल्या. त्याआधीची उत्तरं आणि ट्युटोरियल जुन्या पद्धतीची आहेत, आणि शिकणाऱ्याला दोन्हींची सरमिसळ भेटते.

आवृत्त्यांचा विषय निघालाच आहे तर व्ह्यूचंही सांगायला हवं. व्ह्यू ३ सप्टेंबर २०२० मध्ये आलं, पण भोवतालच्या लायब्ररी मागून रखडत आल्या. व्ह्यू २ चा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला, तोवर अनेक टीम मधेच लटकल्या होत्या. रिॲक्टने मोठे बदल त्या मानाने हलक्या हाताने केले. २०१९ मध्ये हुक्स (यूजमेमो, यूजइफेक्ट यांसारखी फंक्शन्स) आले तरी जुने क्लास कंपोनंट चालूच राहिले.

ओळखीतली माणसं सहज मिळावीत, तयार कंपोनंट भरपूर असावेत, पुढे मोबाइल ॲपही करायचं असावं, तर रिॲक्ट घ्या. फक्त राउटर (पत्त्याप्रमाणे पान दाखवणारा भाग), डेटा आणणं, स्टेटची मांडणी हे निर्णय तुमच्या गळ्यात पडतील, किंवा नेक्स्टसारखी फ्रेमवर्क ते तुमच्या वतीने घेईल. दोन-चार जणांची टीम असेल आणि सर्व्हरवर बनणाऱ्या पानांवरून हळूहळू सरकायचं असेल, तर माझं मत व्ह्यूला. राउटर आणि पिनिया (स्टेट एका जागी ठेवणारी लायब्ररी) दोन्ही अधिकृत असल्याने वाद कमी होतात. मोठ्या संस्थेत सगळ्यांनी एकाच साच्यात लिहावं असा आग्रह असेल तर या तिघांना सोडून अँग्युलर ही फ्रेमवर्क बघा. आणि पानावर एक मेनू उघडझाप करायचा असेल, तर साधी जावास्क्रिप्ट पुरते.

तरीही अडलात, तर ॲपमधला सगळ्यात किचकट तुकडा आधी शोधा: हजारो ओळींचं संपादन करता येणारं ग्रिड, टेक्स्ट एडिटर, कीबोर्डवर नीट चालणारा डेट पिकर. जिथे तो नांदता आणि देखभालीतला मिळेल, तिकडे झुका. असा तुकडा स्वतः बांधण्यात जाणारे महिने कुठलीच नेटकी सिंटॅक्स भरून देत नाही.