एफवायची फिजिक्स प्रॅक्टिकल्स: दोन सेमिस्टर वापरून झाल्यावर

बारावीनंतर बीएस्सीला फिजिक्स घेऊ का, असं या महिन्यात गावातल्या तिघीजणींनी विचारलं. तिघींना वेगवेगळं उत्तर टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी वापरलंय ते असं: कोकणातलं एक साधंसं कॉलेज, खाडीच्या अंगाला लॅब, पहिल्या वर्षाची दोन सेमिस्टर आणि आठवड्याला तीन तासांचं एक प्रॅक्टिकल. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

थिअरीवर फार लिहिण्यासारखं नाही. बारावीचंच बरंचसं, फक्त कॅल्क्युलस लावून. दहावीपर्यंत मराठी माध्यमात असाल तर पहिला महिना शब्दांत जातो. जडत्व आघूर्ण म्हणजेच मोमेंट ऑफ इनर्शिया, अपवर्तनांक म्हणजे रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, हे डोक्यात जोडून घ्यायला वेळ लागतो. गणेशचतुर्थीपर्यंत जुळतं सगळं. गणित कच्चं असेल तर मात्र घेऊ नका, हे स्पष्टच सांगते.

खरा कोर्स लॅबमध्ये आहे.

सुरुवात व्हर्नियर आणि स्क्रू गेज या बारीक मापं घ्यायच्या उपकरणांनी होते. ‘हे तर अकरावीत झालंय’ म्हणून सगळे नाक मुरडतात, मीही मुरडलं. आमचे अप्पा सुतार. आंब्याच्या पेट्या, दारं-खिडक्या, कधी होडीची डागडुजी. त्यांच्या धंद्यात सुताच्या खाली माप नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या जरा वर. स्क्रू गेजचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे अप्पांच्या एका सुतात याचे तीनशेवर भाग बसतात. हे घरी सांगितल्यावर अप्पा म्हणाले, “येवढा बारीक मोजून करतलंस काय गो?” तेव्हा उत्तर नव्हतं. पण त्यांचा एक कानशीने गुळगुळीत केलेला पत्र्याचा तुकडा मी लॅबमध्ये नेऊन मोजला. चार कोपऱ्यांत चार जाड्या निघाल्या, सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान यांत ०.०७ मिलिमीटरचा फरक. अप्पांना तो आकडा सांगितला तर त्यांनी तुकडा हातात घेऊन कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि नेमका जाड कोपरा दाखवला. असो.

स्क्रू गेजचा एक धडा मात्र लक्षात ठेवा: स्क्रू एकाच दिशेने फिरवत आणायचा. पुढे गेला म्हणून उलटा फिरवून परत आणला की आट्यांमधला ढिलेपणा रीडिंगमध्ये शिरतो. लॅबमध्ये त्याला बॅकलॅश म्हणतात. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपलाही तेच.

आता ‘जी’ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची गोष्ट. जुलैमधला दुसरा आठवडा, बाहेर धो धो. साधा दोलक, दोरी १०० सेंटिमीटर, पन्नास आंदोलनं मोजायची. माझं स्टॉपवॉच दाखवत होतं १००.५ सेकंद. हिशेब केला, जी आला ९.७७. पार्टनर म्हणाली, “९.८१ यायला हवा गं, सही नाही मिळणार.” मग आम्ही उलटा हिशेब केला. ९.८१ यायला पन्नास आंदोलनांना १००.३ सेकंद लागायला हवेत. रफ वहीत इंग्रजी पाचाचा तीन करायला किती वेळ लागतो? वरची आडवी रेघ तशीच ठेवायची, पोट जरा आत घ्यायचं. फेअर जर्नलमध्ये तीनच उतरवला. सही मिळाली, शिवाय ‘गुड’ असा शेरा. त्या दिवशी मला आणि तिला दोघींनाही काडीचं वाईट वाटलं नाही. अख्खी बॅच हेच करत होती. याला लॅबच्या भाषेत ‘रीडिंग बसवणं’ म्हणतात.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. कोकणात लॅब चालवणं म्हणजे खाऱ्या हवेशी रोजची मारामारी. कनेक्टिंग वायरींची टोकं हिरवी पडतात, टर्मिनल गंजतात, रेझिस्टन्स बॉक्सच्या पितळी खुंट्या काळवंडतात. मीटरचा काटा नाचायला लागला की आधी पॉलिश पेपर घ्यायचा, टोकं लख्ख घासायची, खुंटी दाबून पिळायची आणि मगच सर्किटला नावं ठेवायची. झेनर डायोडच्या प्रॅक्टिकलला आमचा दीड तास एका वायरीत गेला. वायर वरून धडधाकट, आत प्लास्टिकखाली तुटलेली. भिंगांच्या कपाटात पावसाळाभर एक बल्ब पेटता ठेवतात, बुरशी धरू नये म्हणून. तरी एका टेलिस्कोपच्या भिंगावर जाळी आलीच होती. त्यातून दिसणारी प्रत्येक गोष्ट धुक्यात. शिवाय वीस जणांच्या बॅचला स्पेक्ट्रोमीटर दोन. एक जण करतो, एक लिहितो, बाकीचे मोबाईल बघतात. करणाऱ्यांत राहायचं असेल तर वेळेच्या दहा मिनिटं आधी जाऊन टेबल धरा, आमच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

पृष्ठताणाच्या प्रयोगात मात्र माझाच दोष होता. पाण्याचा पृष्ठताण २५ अंशाला मीटरला ७२ मिलिन्यूटन. माझा आला ५५च्या आसपास. मॅडमनी केशनळी उजेडात धरली आणि विचारलं, “डोक्याला तेल लावून आलीस का?” आले होते, चांगलं चपचपीत खोबरेल, आणि त्याच हातांनी नळी आत-बाहेर हाताळली होती. काच तेलकट झाली की पाणी तिला नीट धरत नाही, चढायचं तेवढं चढत नाही. नळी धुऊन, वाळवून परत केलं तर ६९ आला. तो मात्र बसवला नाही, होता तसाच लिहिला.

मला सगळ्यात आवडलं ते स्पेक्ट्रोमीटर, प्रकाश किती वळतो ते मोजायचं यंत्र. सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी-तांबूस उजेड येतो, कारण आत थोडा निऑन असतो. सोडियम तापून त्याची वाफ झाली की हळूहळू पिवळा धमक. पाचदहा मिनिटं जातात. पावसाळ्यात तेवढ्यात लाईट जाते आणि परत गुलाबीपासून सुरुवात. मग अंधाऱ्या खोलीत प्रिझम टेबल हळूहळू फिरवत टेलिस्कोपमधून फटीची पिवळी प्रतिमा बघायची. ती एका बाजूला सरकत जाते, सरकत जाते, एका जागी थबकते आणि टेबल त्याच दिशेने फिरत असतानाही मागे वळते. थबकते ती जागा म्हणजे किमान विचलन, प्रकाश सगळ्यात कमी वळतो ती. चित्रात हे कधीच कळलं नव्हतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी टेबल चार वेळा पुढे-मागे फिरवत बसले आणि मागच्या मुलाच्या शिव्या खाल्ल्या.

पुढची फजितीही सांगून टाकते. प्रिझमचा कोन ६०, विचलन ३८ अंश. दोन्हींच्या बेरजेचं अर्धं ४९, प्रिझमच्या कोनाचं अर्धं ३०; ४९चा साईन भागिले ३०चा साईन. माझा अपवर्तनांक आला ०.९६५. मी मुकाट्याने लिहूनही टाकला. मॅडम म्हणाल्या, “म्हणजे तुझ्या काचेत प्रकाश निर्वात पोकळीपेक्षा जोरात धावतो. आता पेपरात नाव येणार तुझं.” कॅल्क्युलेटर रेडियनवर होता. अंशावर घेतल्यावर १.५१, साध्या काचेला शोभेल असा. कॅल्क्युलेटर स्वतःचा घ्या आणि कोणाला उसना दिलात तर परत आल्यावर मोड बघा.

एका दुपारी सरांनी प्रिझम काढून ग्रेटिंग, म्हणजे बारीक रेघांची काच लावली आणि दुसऱ्या ऑर्डरला टेलिस्कोप नेऊन ठेवला. एरवी एक दिसणारी पिवळी रेघ तिथे दोन झाली होती, मध्ये केसाएवढा अंधार. त्यांच्या तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. मी विजयदुर्गच्या बाजूची. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत आणि हेलियमचा शोध लॉकियर या इंग्रज साहेबाने ग्रहणात तिथेच लावला असं आम्ही शाळेपासून ऐकतो. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. मी मोठ्या अभिमानाने सरांना सांगितलं. ते म्हणाले, तारीख बरोबर, माणूस चुकलाय. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात पिवळी रेघ दिसली, ती सोडियमचीच असेल असं आधी वाटलं. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच ती रेघ पाहिली आणि तिची जागा सोडियमच्या दोघींशी जुळत नाही हे धरून बसला. ती ५८७.६वर आहे. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५मध्ये, रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला. आणि लॉकियर साहेब विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. घरी सांगितलं तर काका चिडले, महिनाभर मला ‘साहेबाची वकील’ म्हणत होते. मला मात्र ग्रेटिंगच्या दोन रेघा बघितल्यापासून तो दीड नॅनोमीटरचा फरक ओळखणारा माणूस जास्त मोठा वाटतो, ओट्यावर बसला असो वा नसो.

परत ‘जी’कडे. जानेवारीत त्रुटींवर एक तास झाला. सरांनी विचारलं, आपल्याकडे जी किती? सगळे एका सुरात ९.८१. ते म्हणाले, तो लंडन-पॅरिसच्या अक्षांशाचा आकडा. पृथ्वी मध्ये फुगलेली आणि स्वतःभोवती फिरणारी, म्हणून विषुववृत्तावर समुद्रसपाटीला ९.७८०, ध्रुवावर ९.८३२. आपण सतराव्या अक्षांशाच्या आसपास, समुद्राला चिकटून. इथे ९.७८५ धरा.

माझे कान गरम झाले. जुलैत माझा ९.७७ आला होता. खोडलेलाच खरा होता! तास संपल्यावर मी सरांना सगळं सांगितलं, पाचाच्या तीनासकट. वाटलं, रागावतील नाहीतर पाठ थोपटतील. त्यांनी कागद पुढे केला. स्टॉपवॉच दाबताना हात किती चुकतो? धर ०.२ सेकंद. शंभरात ०.२ टक्के. सूत्रात आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळाचा वर्ग, म्हणून ०.४ टक्के, म्हणजे जीमध्ये ०.०४. दोरीत एक मिलिमीटर इकडेतिकडे, त्याचा ०.०१. तर तुझं उत्तर ९.७७, अधिक-उणे ०.०५. म्हणजे ९.७२ ते ९.८२. “यात ९.७८५ बसतो का? बसतो. ९.८१? तोही बसतो. मग खोडलंस कशाला?”

एप्रिलच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जी विचारला तेव्हा मी आकडा अधिक-उण्यासकट सांगितला. त्यांनी मान वर करून एकदा बघितलं आणि पुढचा प्रश्न फ्लायव्हीलवर टाकला, तिथे मी गडबडले. गुण बरे आहेत, फार नाहीत.

जर्नलं शेजारच्या वाडीतली एक जण मागून घेऊन गेलीय, यंदा तिचं पहिलं वर्ष. कशासाठी ते मला माहीत आहे. देताना दोलकाच्या पानावर १००.३च्या बाजूला पेन्सिलीने १००.५ लिहून दिलंय.