वागळे इस्टेटच्या गाळ्यातून आलेली ‘विक्रांत’ : एका छापील रेझिन किटचे परीक्षण

‘आयएनएस विक्रांत’ या विमानवाहू नौकेची छोटी प्रतिकृती जोडण्याचे, रेझिनचे (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या पातळ प्लास्टिकचे) १/७०० प्रमाणातील हे किट मी जूनच्या पहिल्या आठवड्यात ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात चालणाऱ्या छोट्या थ्रीडी छपाई सेवेकडून ३८०० रुपयांना घेतले, आणि ते पुरे करण्यात अख्खा पावसाळा गेला. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे जे दोष सांगणार आहे ते आजवर ज्या तीन-चार जणांकडून मी छापील किटे घेतली त्या प्रत्येकाकडे कमी-अधिक आढळले, आणि या गाळ्यातल्या तरुणाने ते निस्तरण्यात जी तत्परता दाखवली ती इतरांनी दाखवली नव्हती.

हे किट जुन्या विक्रांतचे आहे (तिचा क्रमांक आर-११). टाइन नदीवरच्या गोदीत ‘हर्क्युलिस’ या नावाने १९४५ मध्ये जलावतरण झालेली, अर्धवट अवस्थेत पडून राहिलेली, १९५७ मध्ये भारताने विकत घेतलेली आणि बेलफास्टला तिरकी धावपट्टी व वाफेवर चालणारे कॅटापुल्ट, म्हणजे विमान हवेत फेकणारे यंत्र, बसवून ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली ही नौका सुमारे २१३ मीटर लांब होती. १/७०० मध्ये ती साडेतीस सेंटीमीटर भरते, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी. एवढ्या आकारात तिच्यावरचे सी हॉक हे लढाऊ विमान जेमतेम १७ मिलिमीटरचे होते आणि चिमट्यातून उडाले की फरशीवर सापडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खोक्यात दोन तुकड्यांतला सांगाडा (जहाजाचे खालचे अंग), तीन तुकड्यांतली धावपट्टी, आयलंड (धावपट्टीच्या कडेचा मनोरा), डोलकाठी, तोफा, सहा सी हॉक आणि चार अलिझे विमाने होती. जोडणीचा कागद नव्हता. त्याऐवजी संगणकावरच्या आकृतीचा एक फोटो व्हॉट्सॲपवर आला. डिकॅल, म्हणजे चिकटवायची अक्षरे-चिन्हेही नव्हती. या किमतीला निदान ‘आर ११’ हा क्रमांक आणि धावपट्टीवरच्या पांढऱ्या रेषा तरी द्यायला हव्या होत्या, असे माझे मत आहे.

छपाईबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. थराची जाडी ०.०५ मिलिमीटर ठेवलेली होती. ती ऐकायला नगण्य वाटते, पण ७०० ने गुणली की खऱ्या जहाजावर साडेतीन सेंटीमीटरची पायरी होते, आणि म्हणूनच उताराच्या पृष्ठभागावर, विशेषतः पुढच्या निमुळत्या भागाच्या पोटाला, त्या पायऱ्या प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारल्याबरोबर डोळ्यांत भरतात. त्या ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याखाली घासून, मग ६०० आणि शेवटी १००० ने गुळगुळीत करण्यात दोन संध्याकाळी गेल्या. आयलंड मात्र अप्रतिम उतरले आहे. ब्रिजच्या, म्हणजे जिथून नौका चालवतात त्या कक्षाच्या, खिडक्या आरपार उघड्या आहेत, चिमणीभोवतीच्या जाळीच्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसतात, आणि काही वर्षांपूर्वी मी केलेल्या ओतीव रेझिनच्या किटमध्ये जे हवेचे बुडबुडे जागोजागी फोडून भरावे लागत त्यांचा इथे मागमूस नाही. छपाई ही ओतकामाच्या पुढची पायरी आहे, हे या एका तुकड्यावरून कोणालाही पटावे.

छपाईच्या वेळी तुकडा तोलून धरणाऱ्या सपोर्टच्या काड्या काढलेल्या नव्हत्या, आणि ते योग्यच केले, कारण घाईने ओढलेली काडी पृष्ठभागावर खड्डा करून जाते. भांड्यात कोमट पाणी घेऊन तुकडा मिनिटभर बुडवावा, मग काडी बुंध्याशी न कापता थोडी वर कापावी आणि उरलेला ठिपका घासून काढावा, हा माझा अनुभव आहे. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून घासकाम ओलेच करावे, आणि मास्क व नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय या कामाला बसू नये. पॉलिस्टायरिन प्लास्टिकच्या किटांसाठी मिळणारा सिमेंट रेझिनला अजिबात धरत नाही. इथे सुपरग्लूच लागतो, आणि तो क्षणात धरत असल्याने तुकडे कोरडे जुळवून पाहिल्याशिवाय थेंबही टाकू नये.

धावपट्टीचा मधला तुकडा दोन मिलिमीटर उचललेला होता. लांब, पातळ आणि सपाट तुकडे छपाईनंतर वाकणे ही या तंत्राची खोड आहे, पण ती सुटण्यासारखी आहे. परातीत कढत पाणी घेऊन तुकडा त्यात नरम होईपर्यंत ठेवला, मग ओट्याच्या कडप्प्यावर सपाट दाबून वर किराणा दुकानातली अर्ध्या किलोची दोन वजने ठेवली आणि गार होऊ दिला. कडप्पा इतका सपाट असतो हे मला या किटने शिकवले. बायकोचे मत वेगळे आहे, कारण त्या दिवशी पोळ्या उशिरा झाल्या.

आता खरा घोळ. माझे वडील तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत मुंबईच्या नौदल गोदीत फिटर होते, आणि त्या काळात रोज पहाटे ठाण्याहून लोकल पकडून जात. मी तुकडे कोरडे जुळवून त्यांच्यापुढे ठेवले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुढच्या टोकाला बोट लावले आणि विचारले, “अरे, हा चढ एकाहत्तरमध्ये कुठे होता?” त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. खोक्यावर ‘१९७१’ असे लिहिले होते, सोबत सी हॉक विमाने दिली होती, आणि धावपट्टीच्या टोकाला मात्र नंतरच्या सी हॅरियर विमानांसाठीचा स्की-जंप, म्हणजे वर वळलेला चढ, छापलेला होता. तो चढ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॅटापुल्ट काढून बसवला गेला, तोवर सी हॉक नौदलातून केव्हाच गेलेले होते. म्हणजे हे जहाज प्रत्यक्षात कोणत्याही वर्षी अशा रूपात समुद्रात नव्हते.

हा तपशील केवळ किचकटपणाचा नाही. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली तेव्हा तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले असल्यामुळे ती पुऱ्या वेगाने धावू शकत नव्हती. अशा स्थितीत विमान हवेत सोडण्याची सारी भिस्त त्या वाफेच्या कॅटापुल्टवर होती, आणि ४ डिसेंबरला कॉक्स बाजारवर गेलेली सी हॉक विमाने त्यानेच फेकली. ज्या किटवर १९७१ लिहिले आहे त्यावर कॅटापुल्टची खाच नसणे म्हणजे पंढरीच्या चित्रात विटेचाच विसर पडण्यासारखे आहे.

मी फोटो पाठवला. गाळ्यातला तरुण आधी म्हणाला, “काका, फाइल तशीच आली होती.” मी विमानांचा आणि चढाचा मेळ कसा बसत नाही ते सांगितल्यावर तो गप्प झाला, आणि चार दिवसांनी पुढचा तुकडा नव्याने रेखाटून, सरळ धावपट्टी आणि कॅटापुल्टच्या रेषेसह, एकही पैसा न घेता छापून दिला. रेषा किंचित खोल आहे, पण रंगाखाली ती शोभून दिसते. खोक्यावरचा मजकूर त्याने बदलला आहे का, हे मी अजून पाहिलेले नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे, कारण तो उशिरा उमगतो. रेझिन वाचवण्यासाठी सांगाडा आतून पोकळ छापलेला असतो आणि आत अडकलेले पातळ रेझिन बाहेर यावे म्हणून त्याला भोके ठेवतात. इथे पुढच्या तुकड्याला एकच भोक होते. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल धड ओतता येत नाही, कारण हवा आत शिरत नाही. तसेच इथे झाले आणि न धुतलेले रेझिन आत राहिले. प्राइमर मारून तीन आठवडे उलटल्यावर तळाशी एक चिकट डाग उमटला, बोट लावले तर प्राइमर कातडीसारखा सरकला. असे रेझिन कालांतराने भिंतीला तडे पाडते, म्हणून दुर्लक्ष करण्यात अर्थ नव्हता. दोन मिलिमीटरच्या ड्रिलने तळाला दुसरे भोक पाडले, सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोल आत सोडून तीन वेळा खळखळवले, दोन दिवस कोरडे होऊ दिले, आणि मग नखांचा जेल वाळवायला जो छोटा अल्ट्राव्हायोलेट दिवा जांभळी नाक्यावर मिळतो तो भोकाशी धरून आतला भाग पक्का केला. गढूळ झालेले अल्कोहोल मोरीत ओतू नये. पारदर्शक बरणीत भरून उन्हात ठेवले की त्यातले रेझिन घट्ट होऊन खाली बसते. जुलैच्या ठाण्यात त्या उन्हासाठी आठवडाभर वाट पाहावी लागली, हा भाग वेगळा.

छापील किट घेताना आपण यंत्र कोणते, थर किती मायक्रॉनचा, हेच विचारत बसतो. माझ्या मते छपाई संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात तुकडे कोणी आणि कसे धुतले, किती वेळ प्रकाशाखाली ठेवले, यावर पैसे वसूल होणे अवलंबून असते. कमी ठेवले तर चिकट राहते, अति ठेवले तर ठिसूळ होते. माझ्या किटमधली डोलकाठी या दुसऱ्या प्रकारची निघाली आणि नुसत्या फुंकरीने तुटली. ती मी ०.३ मिलिमीटरच्या पितळी तारेची आणि इन्सुलिनच्या सुईची नव्याने केली. छापलेले कठडेही टाकून दिले, कारण त्यांची जाडी हिशेबाने एकवीस सेंटीमीटर भरते आणि असा कठडा जहाजाला नव्हे, गच्चीला शोभतो. त्यांच्या जागी कोरीव पितळी कठडे लावले, ज्यांचा खर्च वेगळा.

रंगाबद्दल एवढेच सांगतो की उघड्या रेझिनवर ॲक्रिलिक रंग नखाने निघतो, त्यामुळे प्राइमर टाळता येत नाही. आणि पावसाळी दमटपणात लॅकर फवारला तर पृष्ठभागावर पांढुरकी साय धरते. माझा पहिला हात असाच वाया गेला. दुसरा हात सप्टेंबरात, दोन दिवस सलग कोरडे गेल्यावर, दुपारी मारला. सांगाड्याला फिकट करडा आणि धावपट्टीला गडद करडा दिला, पांढऱ्या रेषा टेप लावून रंगवल्या. अलिझे कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून ठेवायची, हे वडिलांनी ठरवले.

एकूण खर्च, कठडे आणि तार धरून, साडेपाच हजारांच्या आसपास गेला. ज्याने याआधी दोन-तीन प्लास्टिकची किटे पुरी केली आहेत त्याने हे घ्यावे; पहिलेच किट म्हणून घेऊ नये. या गाळ्याकडे मी पुढची मागणी नोंदवली आहे : १९७१ च्या कराची मोहिमेतली क्षेपणास्त्र नौका ‘निपात’, १/३५० प्रमाणात, जेमतेम अकरा सेंटीमीटरची. सांगाडा पोकळ न ठेवता भरीव छापायला सांगितला आहे, आणि तुकडे धुवायच्या दिवशी मी स्वतः गाळ्यावर जाऊन बसणार आहे.