पर्सनल फाइल कामगाराला उघडून दिली : डिजिटल फाइल सॉफ्टवेअरचा पावसाळ्यापासूनचा अनुभव

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एच.आर. सांभाळते. अडीचशेच्या आसपास माणसं, बरीचशी कळवा, दिघा, घणसोलीहून येणारी. पर्सनल फाइल डिजिटल करणारं सॉफ्टवेअर पावसाळ्याआधी घेतलं, आता दिवाळी होऊन गेली. बाजारात अशी बरीच आहेत आणि कामं साधारण सारखीच करतात, म्हणून नावाऐवजी वापराबद्दल लिहिते.

कागद पटकन सापडतात, हे अपेक्षितच होतं. खरा फरक पडला ‘माझी फाइल’ या सोयीनं. कामगार मोबाइलवर किंवा टाइम ऑफिसजवळच्या स्क्रीनवर स्वतःची फाइल बघतो : अपॉइंटमेंट लेटर, कन्फर्मेशन, इन्क्रीमेंट, मेमो (चुकीबद्दल खुलासा मागणारं पत्र), नॉमिनेशन (आपल्यामागे पैसे कोणाला मिळावेत त्याचं नाव). ती सुरू होताच दुरुस्त्यांची रीघ लागली. आधारवर एक नाव, पीएफमध्ये दुसरं. लग्नानंतरचं आडनाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. सगळ्यांत गंभीर निघाली ती नॉमिनेशनं. नोकरीला लागताना भावाचं नाव लिहिलेलं आणि आता घरी बायको-मुलं, असे कितीतरी जण. बायको-मुलं असताना पीएफ किंवा ग्रॅच्युइटीसाठी भावाचं नॉमिनेशन चालत नाही, नवं भरावंच लागतं. हे माणूस गेल्यावर कळलं असतं तर त्या घरावर काय वेळ आली असती!

एका जुन्या फिटरच्या फाइलमध्ये मेमो होता, पण त्यानं दिलेला खुलासा नव्हता. त्याच्याकडे पोच घेतलेली झेरॉक्स होती, ती आम्ही लगेच जोडली. एरवी प्रमोशनच्या वेळी वरिष्ठांनी नुसता मेमोच वाचला असता.

स्वतःची फाइल बघण्याचा हा हक्क कायद्यातून आला, असं मात्र समजू नका. सरकारी कर्मचाऱ्याला सेवापुस्तक दरवर्षी दाखवून सही घ्यायची असते. वरिष्ठ त्याच्या कामाबद्दल लिहितात त्या गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद त्याला कळवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलं. खासगी कंपनीनं पूर्ण फाइल दाखवलीच पाहिजे, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती मागण्याचा हक्क आहे, पण तो संमतीनं दिलेल्या माहितीपुरता. आणि नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला मालकाला संमतीशिवायही मुभा आहे. त्यामुळे कंपनीनं स्वतःचं लेखी धोरण करणं मला फार गरजेचं वाटतं. आम्ही ते मराठीत करून नोटीस बोर्डावर लावलं.

सगळंच उघडं नसतं, नसावंही. लैंगिक छळाच्या तक्रारीचे कागद २०१३ च्या कायद्यानं गोपनीय आहेत. ते अंतर्गत समितीकडेच राहतात, या फाइलमध्ये येतच नाहीत. मेडिकल रिपोर्ट वेगळ्या कप्प्यात, आधारचे पहिले आठ अंक झाकलेले. फाइल कोणी, कधी उघडली याची नोंद कामगारालाही दिसते. सुपरवायझरांची उगाच डोकावण्याची सवय तिनंच मोडली.

आता त्रास. हस्ताक्षरातले मराठी अर्ज सर्चमध्ये सापडत नाहीत, प्रत्येकाला हातानं शीर्षक द्यावं लागतं. जुन्या कार्बन कॉपी स्कॅनमध्ये पुसट येतात, म्हणून मूळ कागद आम्ही टाकलेले नाहीत. मोबाइल नंबर बदलला की ओटीपी जुन्याच नंबरवर जातो. मराठी मेनू इतका ओढूनताणून केलाय की लोक इंग्रजीच वापरतात. सगळ्यांत खटकलेली गोष्ट म्हणजे नोकरी सोडल्याच्या दिवशीच लॉगिन बंद होतं. सर्व्हिस सर्टिफिकेटची, जुन्या लेटरची गरज तर त्यानंतरच पडते. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, आधी पूर्ण फाइल डाउनलोड करून द्यायची, हा उपाय आम्ही काढलाय.

मी पाचपैकी चार गुण देईन. घेणार असाल तर डेमोला आपली एखादी जाड, जुनी फाइल घेऊन बसा. उद्या सॉफ्टवेअर बदललं तर सगळे कागद कामगाराच्या नावानिशी वेगवेगळे परत मिळतील का, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या.