युग्लीना की क्लॅमिडोमोनास?

खानापूरची भाची बीएस्सीच्या प्रकल्पासाठी या दोन एकपेशीय पाणजीवांत अडकलीय.

युग्लीना गोठ्यामागच्या हिरव्या डबक्यातही सापडतो. लांबी साधारण ५० मायक्रॉन, लाल नेत्रबिंदू लगेच दिसतो. कडक पेशीभित्तिका नसल्याने अंग आखडतो, पसरतो. क्लॅमिडोमोनास जेमतेम १० मायक्रॉनचा. जुन्या सूक्ष्मदर्शकात नुसता पळता ठिपका!

कशाभिका, म्हणजे पोहायचे शेपटीसारखे धागे? क्लॅमिडोमोनासला दोन सारख्या. युग्लीनाची एकच बाहेर, दुसरी आखूड, आतच. आयोडीनने क्लॅमिडोमोनासचा स्टार्च निळा-काळा होतो, युग्लीनाचं साठवलेलं अन्न, पॅरामायलॉन, होत नाही.

खरी गंमत वर्गीकरणात. क्लॅमिडोमोनास सरळसरळ हिरवं शैवाल. युग्लीना मात्र निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीचा भाऊबंद. त्याचं हरितलवक पूर्वजांनी गिळलेल्या हिरव्या शैवालाचं.

लैंगिक प्रजनन किंवा आनुवंशिकी मांडायची तर क्लॅमिडोमोनास. साधा सूक्ष्मदर्शक आणि वर्गीकरणाचा विषय असेल तर बिनधास्त युग्लीना घे, बाळ.