आजारपणातले इंग्रजी वाक्प्रचार: वॉर्डात वापरून पाहिल्यावर

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डवर नर्स म्हणून रुजू होऊन आता बरेच महिने झाले. निघण्याआधी मिरजेत ओईटीचा, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा क्लास लावला होता. तिथे तब्येतीविषयीच्या इंग्रजी वाक्प्रचारांची एक झेरॉक्स मिळाली होती. 'फिट ॲज अ फिडल', 'राइट ॲज रेन', 'इन द पिंक', 'पिक्चर ऑफ हेल्थ', असं बरंच काही. नव्याने येणाऱ्या मुली अजूनही तसलीच यादी घोकत विमानात बसतात, म्हणून लिहायला घेतलं.

यादीतला ठणठणीत तब्येतीचा भाग जवळपास वाया गेला. धडधाकट माणूस वॉर्डात येईलच कशाला? 'फिट ॲज अ फिडल' कानावर पडतं ते आजोबा मंडळींकडून, तेही 'गेल्या आठवड्यापर्यंत होतो' या शेपटीसकट. 'रोज एक सफरचंद खा, डॉक्टरला लांब ठेवा' ही म्हण तर इथे कुणी मला ऐकवलेली नाही. तिचं जुनं रूप १८६६ साली वेल्समधल्या पेम्ब्रोकशरची म्हण म्हणून छापलं गेलं होतं. त्यात सफरचंद झोपताना खायचं आणि डॉक्टरची भाकरी बुडवायची असा मामला आहे. मला तेच जास्त आवडलं.

रोज ऐकू येतात ती उत्तरं वेगळीच. 'नॉट टू बॅड', 'मस्टन्ट ग्रंबल', 'फेअर टू मिडलिंग', 'बिट अंडर द वेदर'. चारही वेळा अर्थ एकच, की बाई, माझ्यासाठी तू त्रास घेऊ नकोस. आपल्याकडे 'कसं वाटतंय आजी?' म्हटलं की रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पाठीत उसण भरलीय, पायाला मुंग्या येतात, अन्न बघवत नाही, सून फोन उचलत नाही, इथवर सगळं एका दमात मिळतं. इथे ते एकेक करून काढून घ्यावं लागतं.

एका सकाळी खिडकीजवळच्या आजोबांनी 'फेअर टू मिडलिंग, लव्ह' असं हसून सांगितलं. चेहरा राखेसारखा. श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९०, नाडी ११२. पेशंटची तब्येत किती बिघडलीय ते मोजायला इथे न्यूज टू नावाची गुणपद्धत वापरतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती २०१२ मध्ये काढली आणि २०१७ मध्ये सुधारली. तिच्यात या तीन आकड्यांचेच आठ गुण होतात, आणि सातला पोचलं की तातडीने टीम बोलवायची असते. टीम धावत आली तेव्हाही आजोबा 'सॉरी टू बी अ बॉदर' म्हणत माफी मागत होते.

'पुअरली' हा शब्द माझ्या झेरॉक्समध्ये नव्हता, आणि तोच सगळ्यात आधी शिकवायला हवा. घरी पोराला शिंक आली तरी ते पुअरली. पण रात्रपाळीच्या हॅन्डओव्हरला सिस्टर शांतपणे 'शी इज व्हेरी पुअरली' म्हणाली, तर पेशंट गंभीर आहे, घरच्यांना बोलावून घ्यायची वेळ आली असेल, असं समजायचं. आवाज मात्र सर्दीचाच असतो.

दुसरा असाच, 'फनी टर्न'. चक्कर, घेरी, फिट, छातीतली धडधड, जीभ अडखळणं, काहीही त्यात मावतं. कधी नुसतं झटकन उठल्यामुळे झालेलं असतं, तर कधी छोटा स्ट्रोक येऊन गेलेला असतो आणि दवाखान्यात पोचेपर्यंत लक्षणं नाहीशी झालेली असतात. म्हणून हा शब्द आला की मी खुर्ची ओढून बसते. खोली फिरली की डोळ्यांपुढे अंधारी आली? हात उचलता येत होता? बोलता येत होतं? किती वेळ? कुणी पाहिलं? एक बाई 'जस्ट अ सिली फनी टर्न' म्हणत होत्या. विचारत गेले तेव्हा निघालं की चहाचा कप उजव्या हातातून सुटला आणि शेजारच्या खोलीतल्या नवऱ्याला हाक मारायला शब्दच फुटेना. पाचेक मिनिटांत सगळं पूर्ववत. डॉक्टरांनी तपासून कागदावर टीआयए लिहिलं, म्हणजे तोच येऊन गेलेला छोटा स्ट्रोक.

पोटाच्या तक्रारींत गंमत जास्त आहे. 'बंग्ड अप' म्हणजे नाक चोंदलंय किंवा पोट साफ होत नाहीये, दोन्ही. औषध देण्याआधी कुठलं टोक ते विचारलेलं बरं. 'वॉटरवर्क्स' म्हणजे लघवीचं खातं. 'स्पेंड अ पेनी' सत्तरीपुढच्या बायका अजून म्हणतात, कारण सार्वजनिक शौचालयाचं दार पूर्वी एक पेनी टाकल्यावर उघडायचं. एवढं आडपडद्याने बोलणाऱ्या या देशात शौचाचे प्रकार दाखवणारा ब्रिस्टल स्टूल चार्ट मात्र सात चित्रांसकट खाटेच्या पायथ्याशी असतो, आणि आजीबाई निःसंकोच 'फोर, आय थिंक' सांगतात. एकदा 'डेली बेली' (दिल्लीच्या नावाने बिघडलेलं पोट) म्हणून झाल्यावर एक गृहस्थ माझ्याकडे बघून कानापर्यंत लाल झाले. मी म्हटलं, मी मिरजेची, दिल्ली माझ्यापासून लांब आहे.

'क्लीन बिल ऑफ हेल्थ' हा नातेवाइकांचा लाडका. मूळचा हा जहाजांचा कागद, निघालेल्या बंदरात साथ नसल्याचा दाखला. १८९६ मध्ये प्लेग शिरल्यावर आपल्या मुंबईच्या जहाजांकडे परक्या बंदरांत संशयानेच पाहिलं जाई. घरी सोडताना मुलं 'मग आता क्लीन बिल ना?' विचारतात. मी 'घरी जाण्याइतपत बरे आहेत' एवढंच म्हणते आणि गोळ्यांची यादी हातात ठेवते.

मृत्यूचे वाक्प्रचार तोंडात घेऊच नका. 'पॉप्ड हिज क्लॉग्ज' पेशंट स्वतःविषयी थट्टेने म्हणतो, ते त्याने म्हणावं. फोनवर 'वुई लॉस्ट हिम' म्हटलं तर पलीकडचा माणूस हरवला असंही समजू शकतो. इथे प्रशिक्षणात 'डाइड' हाच शब्द वापरायला शिकवतात. आपल्या 'गेले'ची सवय असलेल्या जिभेला तो पहिल्या वेळी फार खडबडीत लागतो, पण पुन्हा विचारायची वेळ कुणावर येत नाही.

तेव्हा हे वाक्प्रचार शिकायचे असतील तर कानासाठी शिका, तोंडासाठी नाही. मी स्वतः बोलताना 'ऑन द मेंड' (सुधारतायत) आणि 'नॉट आउट ऑफ द वुड्स येट' (धोका अजून टळलेला नाही) एवढेच दोन वापरते, दोन्ही घरच्यांशी फोनवर. बाकी साधं इंग्रजी पुरतं. आणि यादी आपापल्या गावची करा. यॉर्कशरमध्ये थकलेला माणूस 'जिगर्ड' असतो, सारखी थंडी वाजणारा 'नेश'. ग्लासगोला बदलून गेलेली मैत्रीण सांगते की तिथे निस्तेज, फिकट पडलेल्या माणसाला 'पीली-वॉली' म्हणतात. पीली ऐकून कावीळ शोधायला जाऊ नका.