नागपूरच्या धंतोलीतलं नाक-सायनस गाठ तपासणी केंद्र: क्रम चोख, बायोप्सीच्या रिपोर्टवर लक्ष ठेवा

एकाच बाजूचं नाक महिनोन्‌महिने बंद आणि त्याच बाजूने अधूनमधून रक्त, अशा रुग्णाला इथे ‘सर्दी आहे’ म्हणून ड्रॉप्स देऊन परत पाठवत नाहीत. ॲलर्जीचे पॉलिप (नाकातल्या अस्तराची मऊ, साधी वाढ) बहुधा दोन्ही बाजूंना असतात. एकाच बाजूला वाढलेल्या मांसाचं कारण शोधायलाच हवं.

बधिर करणारं ४ टक्के लिग्नोकेन आणि सूज उतरवणारं झायलोमेटाझोलिन यांत भिजवलेल्या पट्ट्या १० मिनिटं नाकात ठेवतात, मग ४ मि.मी.ची दुर्बीण घालतात. मुलांसाठी २.७ मि.मी.ची आहे. गाठ दिसली तरी लगेच तुकडा काढत नाहीत. आधी १ मि.मी. किंवा त्याहून बारीक कापांचं सीटी, मग काँट्रास्ट (शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला) एमआरआय, मगच बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा. यासाठी केंद्राला पूर्ण गुण. किशोरवयीन मुलाच्या नाकात मागे लालसर गाठ असेल तर ती अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, असू शकते. ओपीडीत तिला चिमटा लावला तर रक्त आवरत नाही. छताकडून लोंबणारी गाठ कधीकधी खाली उतरलेला मेंदूचाच भाग असते, तिथे तुकडा घेतला की मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू लागतं.

खर्च वाचवायला एमआरआय गाळू नका. सीटीत गाठ आणि तिच्यामागे तुंबलेला शेंबूड जवळपास सारखेच दिसतात. एमआरआयच्या टी-२ चित्रात द्रव बहुधा पांढराशुभ्र, गाठ करडी. सीटीचं काम वेगळं. इन्व्हर्टेड पॅपिलोमाचं (नाकाच्या अस्तरातून आत वाढणारी, बहुधा साधी पण परत येणारी गाठ) मूळ जिथे रुजलेलं असतं तिथलं हाड अनेकदा जाड होतं. ऑपरेशनमध्ये ते हाड ड्रिलने घासलं नाही तर गाठ परत येण्याची भीती.

केस पेपरवरचा व्यवसायाचा रकाना इथे खरोखर भरतात, हे फार आवडलं. आरा मशीनवर किंवा फर्निचरच्या कामात वर्षं काढलेल्यांना लाकडाच्या भुशामुळे नाकाच्या ॲडिनोकार्सिनोमाचा (ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग) धोका असतो.

उणीव पॅथॉलॉजीत आहे. रिपोर्ट ‘स्मॉल राउंड सेल ट्यूमर’ (लहान गोल पेशींची गाठ) एवढ्यावर थांबतो आणि पेशी नेमक्या कोणत्या हे अँटिबॉडीने रंगवून ओळखणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री मागितल्याशिवाय होत नाही. लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) आणि वास घेणाऱ्या पेशींचा न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली सारखे भासू शकतात. पहिल्याला मुख्यतः केमो आणि रेडिएशन, दुसऱ्याला बहुधा ऑपरेशन आणि नंतर रेडिएशन. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. दुसऱ्या मतासाठी पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) द्यायलाही इथे टाळाटाळ होते. नुसत्या स्लाइडवर भागत नाही, ब्लॉक लेखी अर्ज देऊन घ्या.

जाताना जुन्या स्कॅनच्या फिल्मसोबत सीडी, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) रिपोर्ट आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं न्या. पॅपिलोमाच्या ऑपरेशननंतर किमान ५ वर्षं दुर्बिणीने तपासत राहावं लागतं, आणि त्या तपासण्यांच्या तारखांची आठवण केंद्र स्वतःहून फोन करून देतं.