वायरशार्क: सर्व्हर फॉरमॅट मारायच्या आधी हे एकदा चालवाच

छोट्या ऑफिसात दर दोन दिवसांनी "सर्व्हर गेला, सर्व्हर गेला" चालू असेल ना, तर बहुतेक वेळा सर्व्हर कुठेही गेलेला नसतो, मधे वायरीत नाहीतर राउटरमध्ये नाहीतर आयपी अ‍ॅड्रेसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक मशिनच्या नंबरात, काहीतरी लोचा असतो, आणि तो लोचा डोळ्यांनी दाखवणारं वायरशार्कसारखं टूल फुकटात मिळतंय तरी आपल्याकडे छोट्या ऑफिसांची कामं करणारे फार कमी जण ते वापरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हा रिव्ह्यू. बँका न् आयटी कंपन्यांसाठी नाही, आठ-दहा पीसी, एक राउटर, एक स्विच (सगळ्या वायरी जोडायचा डबा) आणि कोपऱ्यात "सर्व्हर" म्हणून ठेवलेला एक पीसी एवढंच ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी.

आधी थोडक्यात काय आहे ते. जेराल्ड कॉम्ब्सने 1998 मध्ये इथरियल नावाने हे काढलं, 2006 मध्ये नोकरी बदलताना जुन्या नावाचा ट्रेडमार्क सोबत नेता आला नाही म्हणून नाव वायरशार्क झालं. ओपन सोर्स आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यावर चालतं. तुमच्या लॅन कार्डावरून जे जे पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, येतं-जातं ते पकडून उघडून दाखवतं, कुणी कुणाला काय विचारलं, उत्तर आलं का, किती वेळाने आलं, नाही आलं तर परत विचारलं का, सगळं. विंडोजवर इन्स्टॉल करताना एनपीकॅप नावाचा ड्रायव्हर टाकू का विचारतं, तिथे हो म्हणायचं, त्याशिवाय काही पकडता येत नाही.

आता खरी केस सांगतो, म्हणजे कळेल मी एवढं का सांगतोय. सांगलीत एका टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस. विंडोज 11 प्रो चा एक पीसी, त्यावर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टॅलीचा डेटा, बाकी सगळे तिथूनच उघडून काम करतात. मधेच एरर यायची, "द स्पेसिफाइड नेटवर्क नेम इज नो लाँगर अव्हेलेबल", दोन मिनिटांनी आपोआप चालू, परत अर्ध्या तासाने बंद. आणि हे महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास जास्त. 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी, ही जीएसटीची रिटर्न भरायची शेवटची तारीख, त्यामुळे सगळ्यांची ठाम समजूत की लोड वाढला की सर्व्हर दम सोडतो. आधी येऊन गेलेल्या लोकांनी विंडोज फॉरमॅट करून झालं होतं, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून झाली होती, अँटीव्हायरस बदलून झाला होता, आणि आता नवीन सर्व्हरचं कोटेशन टेबलावर होतं. मॅडम म्हणाल्या, "दादा, तुम्ही सांगाल तो घेऊ, पण 20 तारखेला बंद पडता कामा नये." त्या आवाजातली काळजी ऐकून नवीन मशिन विकायला माझं मन होईना.

लॅपटॉपवर वायरशार्क चालू करून ठेवलं. इथे एक गोष्ट समजून घ्या, स्विचला जोडलेल्या लॅपटॉपला दुसऱ्यांचं सगळं बोलणं ऐकू येत नाही, पण ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक, मात्र येतं, आणि एआरपी म्हणजे "हा आयपी कुणाचा आहे रे" ही हाक ब्रॉडकास्टच असते. दुपारनंतर क्लायंट लोकांची गर्दी वाढली आणि पिवळ्या पट्टीत मेसेज आला, डुप्लिकेट आयपी अ‍ॅड्रेस डिटेक्टेड. सर्व्हरला कुणीतरी हाताने 192.168.1.50 दिलेला, आणि तोच 50 नंबर राउटरनेही वाटून टाकलेला! राउटरची डीएचसीपीची, म्हणजे आपोआप आयपी वाटायची, रेंज 2 पासून 254 पर्यंत, त्याच्या लेखी 50 नंबर मोकळाच. एरवी ऑफिसातले मोजके पीसी न् मोबाइल, नंबर तिथपर्यंत पोचतच नव्हता. रिटर्नच्या तारखा आल्या की बाहेरचे लोक येऊन बसतात, सगळ्यांना वायफायचा पासवर्ड दिलेला, मोबाइल वाढत जातात न् त्यातल्या एखाद्याच्या वाट्याला 50 येतो, की झालं, काही पीसी सर्व्हर समजून त्या मोबाइलला हाका मारतात. लोडचा काही संबंधच नव्हता.

तो मोबाइलच आहे हे कसं कळलं तेही सांगतो, कारण ही ट्रिक कामाची आहे. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून वायरशार्क कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं नाव दाखवतं, इथे दाखवलं नाही. पण मॅक अ‍ॅड्रेसचं दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल तर तो कंपनीने दिलेला नसून सॉफ्टवेअरने तयार केलेला असतो, आणि अँड्रॉइड 10 पासून न् आयओएस 14 पासून फोन वायफायला असाच बनवलेला अ‍ॅड्रेस दाखवतात. तसा अ‍ॅड्रेस वायफायवर दिसला की पहिला संशय मोबाइलवरच घ्यायचा. मग सर्व्हरवर विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, सिस्टिम लॉगमध्ये टीसीपीआयपीचा 4199 नंबरचा इव्हेंट, त्यात आयपीच्या भांडणाची नोंद न् तोच मॅक अ‍ॅड्रेस. म्हणजे विंडोज स्वतः ओरडून सांगत होतं, फॉरमॅट करण्याआधी कुणी तो लॉग उघडलाच नव्हता.

उपाय बिनपैशाचा. राउटरची रेंज 100 ते 200 केली, सर्व्हरला रेंजच्या बाहेरचा नंबर दिला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी गेस्ट वायफाय वेगळं केलं. एरर गेली. कोटेशनचा कागद मॅडमनी फाइलला लावला.

असाच दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे वायफाय वाढवायला कुणीतरी जुना राउटर आणून लॅन पोर्टला जोडतं आणि त्याची डीएचसीपी चालूच राहते, मग एकाच ऑफिसात दोन जण आयपी वाटत बसतात. हे पकडायला वायरशार्कमध्ये डीएचसीपीचा फिल्टर लावायचा, आपल्याच लॅपटॉपचा आयपी सोडून देऊन परत मागायचा, एका मागणीला दोन वेगवेगळ्या अ‍ॅड्रेसवरून ऑफर आल्या की चोर सापडला. जुन्या व्हर्जनमध्ये हाच फिल्टर बूटपी या नावाने असायचा, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचा गोंधळ होतो.

आणि वायर! टीसीपी रीट्रान्समिशनच्या, म्हणजे पॅकेट परत पाठवावं लागल्याच्या, काळ्या पट्ट्या ढिगाने दिसल्या की आधी क्रिंपिंग, म्हणजे वायरीच्या टोकाला जॅक नीट दाबून बसवलाय का ते, तपासा. गिगाबिटला (1000 एमबीपीएस) वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 एमबीपीएसला दोनच पुरतात, त्यामुळे जॅकमध्ये एक तार जरी नीट बसली नसेल तरी नेट "चालू" दिसतं पण लिंक 100 वर उतरते नाहीतर सारखी तुटते-जुळते, आणि शिव्या सर्व्हर खातो. स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल असेल तर आणखीच त्रास.

ऑफिस वाढलं की अजून एक गोष्ट होते. साध्या विंडोज 10 किंवा 11 ला सर्व्हर केलं तर शेअरिंगला एका वेळी 20 कनेक्शनची मर्यादा आहे. ती संपली की पुढच्याला सर्व्हर चक्क नाही म्हणतो आणि वायरशार्कमध्ये ते "रिक्वेस्ट नॉट अ‍ॅक्सेप्टेड" असं स्पष्ट दिसतं. इथे मात्र खरंच विंडोज सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कवर फाइल ठेवायचा वेगळा डबा) घ्यायची वेळ आलेली असते, तेव्हा पैसे खर्च करा, मी अडवणार नाही.

आता जे आवडत नाही ते. पहिल्यांदा उघडलं की स्क्रीनवर ओळी एवढ्या वेगाने पळतात की माणूस घाबरून बंद करतो, शिकायला खरंच वेळ द्यावा लागतो आणि मराठीत शिकवणारं फार काही सापडत नाही. सर्व्हर आणि एखाद्या पीसीमधलं बोलणं बघायचं तर सर्व्हरवर किंवा त्या पीसीवरच चालवावं लागतं नाहीतर पोर्ट मिररिंगवाला (एका पोर्टवरचं बोलणं दुसऱ्या पोर्टवर कॉपी करणारा) स्विच लागतो. विंडोजवर वायफायमधल्या दुसऱ्यांची पॅकेट पकडणं बहुतेक अ‍ॅडॅप्टरवर जमत नाही. सलग चालू ठेवलं तर मेमरी खात जातं, म्हणून कधीतरीच येणाऱ्या एररसाठी कॅप्चर ऑप्शनमध्ये जाऊन रिंग बफर लावा, उदाहरणार्थ 100 एमबीच्या दहा फाइल, जुनी आपोआप पुसली जाते, डिस्क भरत नाही, आणि एरर आली की वेळ लिहून ठेवायला स्टाफला सांगा, नेमकी वेळ मिळाली तर निम्मं काम तिथेच होतं. आणि डिस्क मरायला लागलीय, रॅम खराब आहे, यूपीएस टिकत नाही, यातलं कारण वायरशार्क सांगणार नाही. त्यासाठी इव्हेंट व्ह्यूअरच, तिथे कर्नल पॉवर 41 किंवा 6008 नंबरचा इव्हेंट दिसला तर मशिन नीट शटडाउन न होता बंद पडलंय, आधी वीज न् यूपीएस बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. एचटीटीपीएस नसलेल्या पेजवर कुणी पासवर्ड टाकला तर तो यात जसाच्या तसा दिसू शकतो. दुसऱ्याच्या ऑफिसात लावण्याआधी मालकांची परवानगी घ्या, काम झालं की कॅप्चर फाइल पुसा, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नका. आणि डाउनलोड वायरशार्कच्या अधिकृत साइटवरूनच करा, पेन ड्राइव्हवर फिरणारं जुनं इन्स्टॉलर घेऊ नका, यात सिक्युरिटीचे अपडेट नियमित येतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या पहिल्या स्क्रीनसाठी.